दुसऱ्या पसंतीने ठरलेले राष्ट्रपती

भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी १९५२ पासून २०२२ पर्यंत सोळा निवडणुका झाल्या. त्यांपैकी केवळ एका निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांवर निकाल लागू शकला नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यातील लढतीत दोघांपैकी कोणालाही आवश्यक बहुमत मिळाले नाही, दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि त्या मतांनी गिरी यांना राष्ट्रपती भवनात पोहोचविले. तिसऱ्या क्रमांकावर राहून हा निकाल ज्यांच्या मतपत्रिकांनी घडविला, ते उमेदवार होते महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख.

पश्चिम आफ्रिकेतील घाना, लायबेरिया, सेनेगल, बेनिन आदी देशांत अशा पेचप्रसंगी आघाडीच्या दोन उमेदवारांमध्ये काही आठवड्यांनी पुन्हा मतदान घेतले जाते. भारतात पुन्हा मतदान होत नाही. दुसरी फेरी पहिल्याच मतपत्रिकेत सामावलेली असते. राष्ट्रपती निवडण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींपुरताच असला, तरी पसंतीक्रमाची हीच पद्धत विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही वापरली जाते. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावातल्या पदवीधराच्या हातीही दर सहा वर्षांनी तशीच मतपत्रिका येते. तिच्यावरील दुसऱ्या रकान्याचे मोल किती, हे १९६९ च्या निकालावरून उमगते.

बहुमताचा आग्रह

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी, असा सरळ नियम आहे. उमेदवार अनेक असले की तीस-पस्तीस टक्के मते मिळविणाराही निवडून येतो. एखाद्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीबाबत हे चालवून घेतले जाते. परंतु साऱ्या देशाचे प्रमुखपद एकाच व्यक्तीकडे सोपवायचे असेल, तर तिच्या पाठीशी निम्म्याहून अधिक मतदार असावेत, अशी अपेक्षा अनेक देशांच्या राज्यघटनांनी बाळगली आहे.

फ्रान्समध्ये १९६५ पासून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक दोन फेऱ्यांच्या पद्धतीने होत आली आहे. फ्रान्सच्या पूर्वीच्या अनेक वसाहतींनी ती उचलली. पुढे घाना, लायबेरिया यांसारख्या इंग्रजी कारभाराच्या देशांनीही तिचा अंगीकार केला. सिएरा लिओनमध्ये तर पहिल्याच फेरीत विजयी होण्यासाठी ५५ टक्के मते लागतात.

या पद्धतीत पहिल्या फेरीतील आघाडी फसवी ठरू शकते. लायबेरियात २००५ मध्ये माजी फुटबॉलपटू जॉर्ज वेआ पहिल्या फेरीत सुमारे २८ टक्के मतांसह पुढे होते, तर एलेन जॉन्सन सरलीफ यांना सुमारे २० टक्के मते होती. दुसऱ्या फेरीत बाद उमेदवारांचे मतदार सरलीफ यांच्याकडे वळले आणि सुमारे ५९ टक्के मते मिळवून त्या आफ्रिकेतील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. वेआ २०१७ मध्ये निवडून आले खरे. मात्र २०२३ च्या दुसऱ्या फेरीत जोसेफ बोआकाई यांनी त्यांना ५०.६४ विरुद्ध ४९.३६ टक्के अशा निसटत्या फरकाने हरविले.

घानामध्ये २००८ साली याहून चुरस झाली. पहिल्या फेरीत नाना अकुफो-आडो ४९.१३ टक्क्यांवर अडकले. २८ डिसेंबरला दुसरी फेरी झाली, तरी निकाल लागेना. टाइन या एकाच मतदारसंघातील राहिलेले मतदान २ जानेवारी २००९ रोजी पार पडल्यावर जॉन अट्टा मिल्स ५०.२३ टक्के मतांनी विजयी झाल्याचे स्पष्ट झाले. सुमारे नव्वद लाख मतांत अंतर होते अवघे चाळीस हजारांचे.

दोन फेऱ्यांमधला काळ हा वाटाघाटींचा आणि कधी कधी संघर्षाचाही असतो. आयव्हरी कोस्टमध्ये २०१० च्या दुसऱ्या फेरीत अलासान वाटारा यांचा विजय लॉरें बाग्बो यांनी मान्य केला नाही. त्यातून उसळलेल्या हिंसाचारात सुमारे तीन हजार लोकांचा बळी गेला आणि एप्रिल २०११ मध्ये बाग्बो यांना अटक झाल्यावरच सत्तांतराचा मार्ग मोकळा झाला.

मतपत्रिकेत दडलेली फेरी

भारताच्या राज्यघटनेने राष्ट्रपतींची थेट निवडणूक नाकारली. संसदीय पद्धतीत खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असते. कोट्यवधी मतदारांनी थेट निवडलेला राष्ट्रपती पंतप्रधानांचा प्रतिस्पर्धी ठरू शकला असता. त्यामुळे अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य राष्ट्रपती निवडतात. अनुच्छेद ५५ ने त्यासाठी एकल संक्रमणीय मताची पद्धत आणि गुप्त मतदान ठरवून दिले आहे.

या मतदानात प्रत्येकाच्या मताचे मूल्य ठरलेले असते. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५, तर खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिली पसंती लिहिणे बंधनकारक असते. पुढच्या पसंती ऐच्छिक असतात.

वैध मतांच्या एकूण मूल्याला दोनाने भागून, अपूर्णांक सोडून, त्यात एक मिळविला की विजयासाठी लागणारा कोटा निघतो. पहिल्या मोजणीत तो कोणीच गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवर नोंदविलेल्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे पूर्ण मूल्यासह जातात. कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार शिल्लक उरेपर्यंत हा क्रम चालतो. ज्या मतपत्रिकेवर पुढची पसंतीच नसते, ती तेथेच संपते. तिचा पुढच्या मोजणीशी संबंध उरत नाही.

थोडक्यात, घानाच्या मतदाराला दुसऱ्या फेरीत जो प्रश्न नव्याने विचारला जातो, तोच भारतीय मतदाराला आगाऊ विचारला जातो : तुमचा उमेदवार शर्यतीत उरला नाही, तर उरलेल्यांपैकी कोण?

बंगळूर ते दिल्ली

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी प्रभारी राष्ट्रपती झाले. तेव्हा काँग्रेस पक्षात पंतप्रधान इंदिरा गांधी आणि 'सिंडिकेट' म्हणून ओळखले जाणारे ज्येष्ठ नेते यांच्यात वर्चस्वाचा झगडा सुरू होता. जुलैमध्ये बंगळूर येथे पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधी यांचा पर्याय डावलून लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीही त्या बैठकीत रेड्डी यांच्या बाजूने कौल दिला होता.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने घडल्या. इंदिरा गांधी यांनी १६ जुलै रोजी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेतले. १९ जुलै रोजी अध्यादेशाद्वारे चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २० जुलै रोजी गिरी यांनी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून लढण्याचा मार्ग धरला आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाची सूत्रे तात्पुरती हाती घेतली. रेड्डी यांच्या अर्जावर पंतप्रधानांची स्वाक्षरी होती. पण त्यांचा मनापासूनचा पाठिंबा कोणाला, याबद्दल राजधानीत कोणाच्याही मनात फारशी शंका नव्हती.

चिंतामणराव देशमुख रिंगणात

स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुख यांना पाठिंबा दिला. महाडजवळच्या नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले देशमुख सनदी सेवेच्या परीक्षेत पहिले आले होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू अशी त्यांची कारकीर्द. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे नेते म्हणून मराठी मनात त्यांना वेगळे स्थान होते. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा संस्कृतज्ञ कोणत्याही अर्थाने पक्षीय राजकारणी नव्हता.

ते विजयी होतील अशी अपेक्षा त्यांच्या समर्थकांनाही नसावी. सर्वांचे लक्ष होते त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीकडे. काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी ही मते रेड्डी यांना मिळावीत म्हणून स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या नेत्यांशी बोलणी केली. इंदिरा गांधी यांच्या गोटाला हेच हवे होते. उजव्या पक्षांशी हातमिळवणी झाल्याचा आरोप करत त्यांनी रेड्डी यांच्यासाठी पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि आमदार-खासदारांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करावे, असे आवाहन केले. 'अंतरात्म्याचा आवाज' हा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात रूढ झाला तो तेव्हापासून. दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी झालेल्या बोलण्यांनी अशा रीतीने पहिल्या पसंतीच्या मतांनाच खिंडार पाडले.

हिशेब १,९०८ मतांचा

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मतमोजणी झाली. रिंगणात पंधरा उमेदवार होते. पहिल्या पसंतीचे चित्र मतमूल्यानुसार असे होते :

• व्ही. व्ही. गिरी : ४,०१,५१५
• नीलम संजीव रेड्डी : ३,१३,५४८
• चिंतामणराव देशमुख : १,१२,७६९
• उर्वरित बारा उमेदवार मिळून : ८,५०५
• एकूण वैध मते : ८,३६,३३७
• विजयासाठी कोटा : ४,१८,१६९

उर्वरित बारांमध्ये दलित चळवळीतील नेते पांडुरंग नथुजी राजभोज हे आणखी एक मराठी नाव होते; त्यांना ८३१ मते पडली. पाच उमेदवारांच्या खात्यात एकही मत नव्हते.

गिरी यांना सुमारे ४८ टक्के मते होती आणि कोट्यासाठी १६,६५४ मते कमी पडत होती. रेड्डी यांना मात्र १,०४,६२१ मते हवी होती. एकामागून एक उमेदवार बाद होत अखेर देशमुखांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या, तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. अंतर राहिले १४,६५० मतांचे.

या आकड्यांत तीन गोष्टी दडल्या आहेत. पहिली, दुसऱ्या पसंतीची बोलणी मतपेटीत बऱ्याच अंशी फळाला आली होती. बाद झालेल्या तेरा उमेदवारांच्या १,२१,२७४ मतांपैकी ९१,८७९, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, रेड्डी यांच्याकडे गेली. गिरी यांच्या वाट्याला आली केवळ १८,५६२. पण तेवढी त्यांना पुरेशी होती. पहिल्या पसंतीतील पिछाडी रेड्डी यांना भरून काढता आली नाही.

दुसरी, गिरी यांना कोटा ओलांडून देणारी मते देशमुखांच्या मतपत्रिकांतूनच आली. बारा लहान उमेदवारांची सगळी ८,५०५ मते गिरी यांना मिळाली असे मानले, तरी ते कोट्याच्या ८,१४९ मते मागेच राहिले असते. म्हणजे जनसंघ-स्वतंत्र पक्षाच्या उमेदवाराला पहिली पसंती देणाऱ्यांपैकी काहींनी दुसरी पसंती इंदिरा गांधींच्या उमेदवाराला दिली, हे गणितानेच सिद्ध होते.

तिसरी, १०,८३३ मते मध्येच संपली; त्यांवर शेवटच्या दोघांपैकी कोणाचीही पसंती नोंदलेली नव्हती. ही सगळी मते रेड्डी यांना मिळाली असती, तरी ते ४,१६,२६० वर थांबले असते आणि निकाल बदलला नसता. मात्र गिरी यांनी कोटा ओलांडला तो अवघ्या १,९०८ मतांनी. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. चार खासदारांच्या मतांनी त्यांचे स्पष्ट बहुमत हुकू शकले असते, आणि संपलेल्या मतांचे मूल्य होते जवळपास एकोणीस खासदारांच्या मतांइतके. टक्केवारीत गिरी यांचा अंतिम वाटा ५०.२३ भरतो, चाळीस वर्षांनी घानामध्ये अट्टा मिल्स नेमक्या याच टक्केवारीवर विजयी झाले.

निकालाचे पडसाद

गिरी यांनी २४ ऑगस्ट १९६९ रोजी शपथ घेतली. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी यांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि देशातील सर्वांत मोठा पक्ष दुभंगला. निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. रेड्डी यांची बदनामी करणाऱ्या पत्रकाचा मुद्दा त्यात होता. पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी साक्ष देण्यासाठी न्यायालयात उपस्थित राहण्याचा तो पहिलाच प्रसंग. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. रेड्डी यांना पुढे १९७७ मध्ये हेच पद बिनविरोध मिळाले.

एकही मत न मिळणाऱ्या उमेदवारांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये प्रत्येक अर्जावर दहा सूचक आणि दहा अनुमोदक यांची अट आली. १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी पन्नास झाली आणि अनामत पंधरा हजार रुपये करण्यात आली. तेव्हापासून लढती बहुधा दोघांतच होतात आणि दुसरी पसंती मोजण्याची वेळ येत नाही. पूर्वी अमरावतीचे लोकसभेत प्रतिनिधित्व केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, त्याही पहिल्याच मोजणीत.

महाराष्ट्रातील धडे

राष्ट्रपतिपदापुरती दुसरी पसंती इतिहासजमा वाटत असली, तरी राज्यात तिने अनेकदा निकाल घडविले आहेत. १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहा जागांसाठी झालेल्या निवडणुकीत सहाव्या जागेवर शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३, तर भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ मते होती. मात्र भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते देऊन ठेवण्यात आली होती. कोट्याहून जास्त असलेली ही मते दुसऱ्या पसंतीनुसार महाडिक यांच्याकडे गेली आणि मागे असलेला उमेदवार विजयी झाला.

वाशिमसह पाच जिल्ह्यांच्या अमरावती विभागाचा अनुभव सर्वसामान्य मतदाराच्या अधिक जवळचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये शिक्षक मतदारसंघात पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही. उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि वाशिमचे अपक्ष किरण सरनाईक यांनी तत्कालीन आमदार श्रीकांत देशपांडे यांचा पराभव केला. जानेवारी २०२३ च्या पदवीधर निवडणुकीतही अशीच प्रदीर्घ मोजणी चालली. काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी माजी राज्यमंत्री रणजित पाटील यांना तीन हजारांहून काहीशा अधिक मतांनी मागे टाकले. त्या वेळी बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या आठ हजारांहून अधिक. पदवीधरांच्या निवडणुकीतील बाद मते विजयाच्या अंतराच्या दुपटीहून जास्त असावीत, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

मत वाया जाऊ नये म्हणून

पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते. आधीच्या यादीत नाव होते म्हणून ते आपोआप कायम राहत नाही. पात्रता दिनांकापूर्वी किमान तीन वर्षे पदवी मिळालेल्या मतदाराला नमुना १८, तर शिक्षकाला नमुना १९ भरून नाव नोंदवावे लागते.

मतदान केंद्रावर दिलेल्याच लेखणीने पसंती आकड्यांत लिहावयाची असते. 'एक', 'दोन' असे शब्द, बरोबरची खूण, नाव किंवा सही यांमुळे मत बाद होते. १ हा आकडा एकाच नावापुढे हवा. तो दोन नावांपुढे पडला किंवा कोठेच नसला, तर मतपत्रिका अवैध ठरते. २ हा आकडा दोनदा लिहिला गेला, तर पहिली पसंती ग्राह्य धरली जाते, पण त्यापुढील पसंती मोजल्या जात नाहीत. केवळ १ लिहून थांबणे नियमबाह्य नाही. मात्र आपला उमेदवार बाद होताच आपली मतपत्रिकाही बाजूला पडते.

दुसरी पसंती दिल्याने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे नुकसान होते, हा समज चुकीचा आहे. पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसऱ्या आकड्याकडे पाहिलेही जात नाही. तो बाद झाल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो. घाना किंवा लायबेरियाच्या मतदाराला दुसऱ्या फेरीत मत द्यायचे नसेल, तर तो त्या दिवशी घरी बसतो. आसेगावच्या पदवीधराने दुसरा रकाना रिकामा ठेवला, तर तोही दुसऱ्या फेरीला घरीच बसलेला असतो. फरक इतकाच, की तेव्हा तो मतदान केंद्रावर रांगेत उभा राहून आलेला असतो.